थोरली, धाकटी आणि दोन नळ्या

सरांना कुठल्याही दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय चैन पडायची नाही. दौंड स्टेशनच्या बाहेर वडापावचे दोन गाडे लागायचे. सर दोन्हीकडून एकेक वडा घ्यायचे, मधोमध उभे राहायचे आणि एक घास ह्याचा, एक घास त्याचा, असं डोळे मिटून चावायचे. मग दोन्ही गाडेवाल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं निकाल द्यायचे. ह्याच्यात धने जास्त, त्याचं तेल कालचं. महिनाभरात दोघांनीही त्यांना हात जोडले, आणि वडे आणायचं काम माझ्याकडं आलं. उन्हातान्हाचं दोन गाड्यांवर कोण थांबतंय? मी एकाच गाड्यावरून दोन वडे घ्यायचो आणि वेगवेगळ्या कागदांत बांधून न्यायचो. सर डोळे मिटून खायचे आणि तरीही फरक सांगायचे. तोही इतक्या ठामपणे, की मलाच शंका यायची.

हे सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. कुठल्याशा संस्थेचा प्रकल्प घेऊन ते दौंडला आले होते आणि रेल्वे कॉलनीच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. मी शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचा. बी.एस्सी. होऊन रांजणगावला कंत्राटावर खोकी उचलत होतो; त्यापेक्षा शास्त्रज्ञाच्या हाताखाली आहे म्हणून सांगायला बरं, एवढ्याच कारणानं त्यांच्याकडं लागलो. काम साधं होतं. मोटरसायकलवरून दोन तालुक्यांतले गोठे पालथे घालायचे, गायीच्या मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, जांभळ्या टोपणाच्या नळीत भरायचं, नळीवर गावाचं नाव लिहायचं आणि बर्फाच्या डब्यातून दौंडला आणायचं. त्यापुढचं सगळं सर बघायचे.

सर पन्नाशीचे, काटकुळे, मान कायम पुढं आलेली. एकाच मनगटावर दोन घड्याळं बांधायचे, एकाच कंपनीची, एकाच दिवशी घेतलेली. रोज सकाळी आल्या आल्या दोन्हींमधला सेकंदांचा फरक भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. कुणी किती वाजले विचारलं तर मात्र खिशातून मोबाईल काढायचे.

“सारखं दिसतंय म्हणजे तू अजून बघितलं नाहीस,” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दिवसातून चारदा तरी ऐकावं लागायचं. दोन गायी सारख्या म्हटलं की हे वाक्य, दोन पावसाळे सारखे म्हटलं की हे वाक्य. एकदा मी कंटाळून म्हटलं, सर, सगळी माणसं शेवटी सारखीच. त्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवून माझ्या डाव्या आणि उजव्या भुवईतला फरक समजावला. त्या दिवसापासून आरशात बघितलं की माझं लक्ष भुवयांकडंच जातं. मेल्यावरच सुटेन आता.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. त्याचं कारण ते स्वतःच सांगायचे, आणि वर अभिमानानं सांगायचे. मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन मुलीबरोबर तिची पाठची बहीणही बाहेर आली. मुलीचा मामा कौतुकानं बोलून गेला, की दोघी अगदी सारख्या दिसतात. झालं! सरांनी तिथल्या तिथं फरक मोजायला घेतले. कानाच्या पाळीपासून सुरुवात केली ती नखांवर आणून थांबवली. तोवर मुलीकडच्यांनी बशा उचलल्या होत्या. त्या लोकांना सत्य नको होतं, असं सर म्हणायचे. त्या लोकांना जावई हवा होता, हे त्यांच्या आजतागायत ध्यानात आलेलं नाही.

प्रयोगशाळेच्या मागूनच रूळ गेलेले. मालगाडी आली की टेबल थरथरायचं आणि सर हातातली सुईएवढी नळी अधांतरी धरून थांबून राहायचे. सगळं दौंड गाडी यायची वाट बघत असतं. सर गाडी जायची वाट बघायचे. थरथर थांबली की जिथं होते तिथून पुढं. फोनवर बोलता बोलता थांबायचे तेही असेच. पलीकडच्या माणसाला वाटायचं, फोन कट झाला.

आता त्यांचं खरं काम सांगतो. गोचीड गायीला चावतो तेव्हा त्याच्या थुंकीतून रक्तात एक जंतू शिरतो. गोचीड ताप म्हणतात तो ह्याच्यामुळंच. ह्या जंतूच्या आपल्याकडं दोन जाती. एक जीवघेणी, संकरित गाय असली तर आठवड्यात आडवी करते. दुसरी गायीच्या अंगात वर्षानुवर्षं गुमान राहते, गायीला पत्ताही नसतो. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तर दोघी जवळजवळ सारख्या. ह्या ‘जवळजवळ’वर सरांचा जन्म चालला होता. प्रत्येक जंतूच्या आत चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो, त्याला जीनोम म्हणतात. दोघींचे मजकूर ओळीला ओळ लावून वाचायचे, कुठं कुठं अक्षर बदललंय ते शोधायचं, आणि एक मारते नि दुसरी का मारत नाही ते सांगायचं, हा त्यांचा ध्यास.

हे काम संगणक करतो. सरांच्या संगणकानंही केलं होतं. पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्यांनी त्या मजकुरातली काही पानं छापून भिंतभर चिकटवली होती, वरती एकीची ओळ, खाली दुसरीची, आणि फूटपट्टी धरून ते स्वतः वाचायचे. एका गावचे सरपंच बोकड दाखवायला आले होते. ते भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, की ही कुठल्या वॉर्डाची मतदार यादी, नि एवढी दुबार नावं कशी?

लोकांना कळावं म्हणून सर जीवघेणीला थोरली म्हणायचे आणि निरुपद्रवीला धाकटी. हे त्यांनी सुरू केलं आणि फसले. बायाबापड्यांना वाटलं, देवीच आलीय. एका वस्तीवर मी रक्त काढून निघालो तर मागून म्हातारी खणानारळाचं ताट घेऊन धावत आली, थोरलीला माझ्याकडनं एवढं द्या म्हणून. मी ते सरांपुढं ठेवलं. सर चिडतील वाटलं होतं. त्यांनी नारळ फोडला, दोन वाट्या शेजारी ठेवल्या आणि खोबऱ्याची जाडी बघत बसले.

निमोण्यात एकदा त्यांचं भाषणही झालं. गोचिडाचं औषध फुकट मिळणार अशी अफवा मीच सोडली होती, त्यामुळं गर्दी जमली. सर बोलले तासभर. थोरली, धाकटी, आणि आफ्रिकेतली एक तिसरी बहीण, तिचा स्वभाव कसा, तिचा मजकूर किती वेगळा. लोक माना डोलवत होते आणि दाराकडं औषधाची पेटी शोधत होते. शेवटी आमच्या गल्लीतले एक आप्पा उठले. म्हणाले, “म्हंजी सायेब, आज्जा येकच, पर आता बांध येगळं झाल्यात. आसंच ना?” सर खुर्चीतून उठून त्यांच्या पाया पडले. ते वाक्य त्यांनी इंग्रजी करून शोधनिबंधात घातलं. संपादकानं ते काढून टाकलं, म्हणून सर त्या संपादकाशी दोन वर्षं बोलत नव्हते.

आणि गोचीड! ते त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचे, छोट्या काचेच्या बाटलीत, जिवंत. एकदा डेमू लोकलनं पुण्याला जाताना शेजारच्या माणसानं विचारलं, वेलदोडे आहेत काय. सरांनी मोठ्या आपुलकीनं बूच काढून बाटली त्याच्या हातावर धरली. केडगाव यायच्या आत अख्खा बाक मोकळा झाला. सर आडवे होऊन पुण्यापर्यंत गेले, आणि रेल्वेनं प्रवास फार सुखाचा झालाय असं मला सांगत राहिले.

अशा माणसाची टिंगल करायला डोकं लागत नाही. मी रोज करायचो. चहाच्या टपरीवर त्यांची नक्कल करून दाखवायचो, लोक पोट धरून हसायचे. पण वरवंडचं झालं, आणि तेव्हापासून कुणी नक्कल कर म्हटलं की मी चहाचे पैसे ठेवून उठतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. वरवंडच्या जनावरांच्या डॉक्टरांचा सरांना फोन आला. तिथं एका मावशीची संकरित गाय तापानं फणफणली होती, पहिलारू, सातवा महिना. मावशीचा मुलगा पुण्याला ड्रायव्हर, बायकोपोरांसकट तिकडंच. घरी मावशी, गाय आणि एक लहानगी कालवड. डॉक्टरांना थोरलीचा संशय होता. थोरलीवर एक जालीम इंजेक्शन आहे, पण गाभण, अशक्त गायीला ते द्यावं की नाही अशा पेचात ते होते. सर म्हणाले, थांबा, रक्त मागवतो. त्यांनी मला दोन गावं दिली. निमोण्यातून एक नळी, धडधाकट गायीची, त्यांना नेहमीच्या तुलनेसाठी हवी होती. आणि वरवंडहून एक, ह्या गायीची. वरवंडला आधी जा, असंही म्हणाले.

निमोण्यात त्या दिवशी माझ्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता. मी आधी निमोण्याला गेलो. आता कारणं सांगत बसत नाही. जिलेबी-मठ्ठ्याचं जेवण झालं, वर ऊन तापलेलं, आणि वरवंड म्हणजे भीमा ओलांडून पार सोलापूर रोडला. चुलत्याच्या गोठ्यात त्याची खिलार गाय शांत रवंथ करत उभी होती. तिची नळी भरली. सुई शिरेतच होती. मी दुसरी नळी लावली, तीही भरली, आणि तिच्यावर पेनानं ‘वरवंड’ लिहिलं. रक्त सगळ्यांचं लालच. संध्याकाळी दोन्ही नळ्या सरांच्या हातात देताना मी कपाळाचा घामही पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांची तपासणी झाली. दोन्ही नळ्यांत धाकटी निघाली. निघणारच. सरांनी वरवंडच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितलं, की धाकटी आहे, इंजेक्शन देऊ नका. उगाच दिलं तर औषधाची धार जाते, जंतू सोकावतात. डॉक्टर म्हणत होते, की मानेखालच्या गाठी सुजल्यात, मला लक्षण बरं दिसत नाही. सर म्हणाले, “सूज हा तुमचा अंदाज आहे. माझ्याकडं नळी आहे.” मी तिथंच बेसिनपाशी भांडी विसळत उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी नळ मोठा सोडला. मनाला म्हटलं, ताप काय, येतो नि जातो.

गाय चौथ्या दिवशी गेली, पोटातल्या वासरासकट. डॉक्टर स्वतः दौंडला आले. मेलेल्या गायीच्या गाठीतलं पाणी त्यांनी काचेवर घेतलं होतं. ती काच त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मधे एक मालगाडी येऊन गेली, टेबल थरथरलं, तरी त्यांनी डोळा काढला नाही. थोरलीच होती. डॉक्टर चहा न घेता निघून गेले.

त्यानंतर सरांनी सगळ्यांवर संशय घेतला. तपासणीच्या रसायनावर घेतला, यंत्रावर घेतला, बर्फाच्या डब्यावर घेतला, रेल्वेच्या थरथरीवर घेतला, स्वतःच्या हातांवर तर सर्वांत जास्त घेतला. माझ्यावर घेतला नाही. एसटीनं एकटेच वरवंडला जाऊन मावशीसमोर हात जोडून आले. माझं चुकलं, मी सांगायला नको होतं, एवढंच म्हणाले म्हणे. ती बाई मलाच धीर देत होती रे, असं आल्यावर मला सांगितलं. शेतकऱ्यांना रोगाचा निकाल सांगणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. दारावर कागद लावला, की इथं फक्त संशोधन होतं.

आणि मग त्यांना एक कल्पना सुचली. गायीत दोघीही असणार, पण वरवंडच्या धाकटीत काहीतरी बदल झालेला असणार, ज्याच्यामुळं तिच्याआड थोरली लपून राहिली. हा बदल सापडला तर पुढच्या कितीतरी गायी वाचतील. त्यांनी निमोण्याची नळी आणि वरवंडची नळी, दोन्हींचा पुरा मजकूर वाचून घ्यायला बाहेर पाठवलं. निबंधाचं नावसुद्धा ठरवलं. भला माणूस! जंतू खोटं बोलतो ह्यावर त्यांचा विश्वास बसला, पण आपला माणूस खोटं बोलेल हे काही डोक्यात आलं नाही. मी टपरीवर बसून रोज ठरवायचो, उद्या सांगतो. उद्या कसला येतोय.

दिवाळी होऊन गेल्यावर मजकूर आला. सर तीन दिवस त्याच्यावर बसून होते. जेवण नाही, घड्याळांचा फरक भिंतीवर लिहिणं नाही. दोन्हींत अक्षराचाही म्हणण्यासारखा फरक निघेना. एकाच गोठ्यातल्या दोन गायींतसुद्धा थोडा तरी फरक निघतो, म्हणत होते. चौथ्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली, जी एरवी ते कधीच करत नसत. जंतूचा मजकूर वाचताना रक्तातला गायीचा स्वतःचा मजकूरही त्याच्याबरोबर येतो, ढिगानं येतो. तो कचरा म्हणून बाजूला टाकतात. सरांनी तो कचरा उचलला आणि दोन्ही नळ्यांतला शेजारी शेजारी ठेवला.

दुपारी मला हाक मारली. आवाज नेहमीचाच होता.

“दोन्ही नळ्यांत एकच गाय आहे,” सर म्हणाले. “आणि ती खिलार आहे. वरवंडच्या मावशींची गाय कोणती होती?”

“काळीपांढरी, सर. डॉक्टर म्हणत होते.”

“तू बघितलीस?”

मी नाही म्हटलं. एवढ्या महिन्यांनी सांगायला हाच एक शब्द लागणार होता.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. थोबाडीत मारली असती तर मी गाल पुढं केला असता. त्यांनी फक्त त्या दिवशी कुठं होतास ते विचारलं, मी साखरपुड्याचं सांगितल्यावर कॅलेंडर बघितलं, आणि खुंटीवरचं हेल्मेट काढलं. मी गाडी बाहेर काढली. ते मागं बसले आणि वरवंडला चल म्हणाले.

मावशी कडबा तोडत होती. सरांना ओळखून लगबगीनं उठली, बाज टाकली, चुलीवर चहा ठेवला. गोठ्यात ती कालवड होती, आता चांगली उंच झालेली, आणि तिच्या शेजारचा खुंटा मोकळा होता. सर माझ्याकडं बघत राहिले. मी त्या खुंट्याकडं बघूनच सगळं सांगितलं. की मी आलोच नव्हतो. की नळीवर तुमच्या गावाचं नाव घालून दुसऱ्याच गायीचं रक्त दिलं. की सरांचं काही चुकलं नव्हतं, तुमची गाय माझ्यामुळं गेली.

मावशीनं चहा गाळला. कपबशी सरांपुढं ठेवली, मला दिली, आणि मग बोलली.

“तू आला न्हाईस, त्ये मला तवाच ठावं हुतं की, बाबा. मी समदा दीस दारात बसल्याली, गाईला पानी दावत. कोनबी आलं न्हाई. आन् दुसऱ्या दिशी डाक्टर म्हनलं, सायबांचा फोन आलाय, रगत तपासलंय, सुई द्यायची न्हाई. म्या म्हनलं, रगत कवा नेलं? पर परत वाटलं, सायेब मोठं मानूस हायती. त्यास्नी दौंडात बसून कळत आसंल.”

सरांनी बशी खाली ठेवली. मला त्यांच्याकडं बघवेना. माझ्या लबाडीला तिनं दोन शब्दांत बाजूला केलं होतं, आणि सगळा भार सरांच्या मोठेपणावर ठेवला होता, तोही कसलाच राग न धरता.

मग मावशीच म्हणाली, की आलाच आहात तर ह्या कालवडीचं रक्त तेवढं घेऊन जा. कालपासून वैरण खात नाही. मी डब्यातून नळी काढली. सरांनी ती माझ्या हातातून घेतली, सुई घेतली, आणि चपला काढून शेणातून कालवडीजवळ गेले. एवढ्या वर्षांत ते गायीला हात लावताना मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांची बोटं तिच्या मानेवरून खालीवर फिरत राहिली, पण नेमकी जागा काही सापडेना. मावशीनं एका हातानं कालवडीचं तोंड आवळून धरलं, आणि दुसऱ्या हातानं सरांचं बोट धरून शिरेवर नेऊन ठेवलं.